बढाईखोराच्या बाजूने

आमच्या बेळगावात चार संगीतवेडे एकत्र आले आणि बोलता बोलता जॅझचा विषय निघाला, की एक किस्सा हमखास सांगितला जातो. न्यू ऑर्लीन्सच्या बदनाम वस्तीत पियानो वाजवणारा जेली रोल मॉर्टन नावाचा एक इसम होता. दातात हिरा बसवून हिंडायचा आणि जॅझ आपण १९०२ साली निर्माण केला, असे छातीठोकपणे सांगायचा. किस्सा इथेच संपतो. मंडळी हसतात, चहा येतो, आणि गाडी पुन्हा कुमारांवर नाही तर मन्सूरअण्णांवर जाते.

मीही कितीतरी वर्षे त्या हसण्यात सामील होतो. यंदा गणपतीत एका स्नेह्यांच्या घरी हाच किस्सा पुन्हा निघाला, तेव्हा सांगणाऱ्या गृहस्थांनी वर एक पुस्ती जोडली. म्हणाले, ‘आणि जॅझमध्ये निर्माण करण्यासारखे असते तरी काय? न शिकलेल्या लोकांनी मनाला येईल ते वाजवायचे. त्यात ना बंदिश, ना लिहिणे, ना शिस्त.’ गृहस्थ वयाने आणि मानाने मोठे, दिवस सणाचा. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची चुटपूट अजून गेलेली नाही. संपादकांनी लेख मागितलाच आहे, तर ओठांवर राहिलेले उत्तर इथे देतो.

पहिल्यांदा माझ्या अशिलाचे दोष मीच सांगून टाकतो, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाला फार काम उरणार नाही. फर्डिनंड जोसेफ लामोथ हे त्याचे मूळ नाव. बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे जन्म २० ऑक्टोबर १८९० चा. तो स्वतः १८८५ सांगे. नोंद खरी धरली तर १९०२ मध्ये स्वारीचे वय अकरा-बारा. त्या वयाच्या पोराने एक अख्खी संगीतपद्धती निर्माण केली, हे मीही मानत नाही. शिवाय त्याच गावात बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक त्याच्या आधीपासून रस्ते दणाणून सोडत होता. हा बोल्डन १९०७ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला तो परतलाच नाही, आणि त्याची एकही ध्वनिमुद्रिका आज हाती नाही. जॅझ कुणा एकाने निर्माण केला नाही, जसा ख्याल कुणा एकाने केला नाही. मॉर्टन जुगारी होता. बायकांच्या कमाईवर जगल्याचेही त्याच्या नावावर आहे. पुढे दिवस फिरले तेव्हा आपल्यावर कुणीतरी करणी केली आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते. ‘जेली रोल’ या टोपणनावाचा त्या वस्तीतला अर्थ दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तो स्वतःला काळा मानायला तयार नसे. आपले सगळे पूर्वज थेट फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आले, असे सांगे. या शेवटच्या दोषाबद्दल मला पुढे बोलायचे आहे, कारण तो आपल्या परिचयाचा आहे.

इतके सगळे कबूल. आता मला सांगा, त्या काळात बढाई मारणारा तो एकटाच होता काय?

जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली १९१७ मध्ये. ती वाजवली न्यू ऑर्लीन्सहून आलेल्या पाच गोऱ्या तरुणांनी, आणि या पाचांची ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड’ ही मंडळी जॅझचे निर्माते म्हणून स्वतःची जाहिरात करत असे. त्यांचा नायक निक लारोका १९६१ मध्ये मेला. तोवर त्याने हा दावा सोडला नाही. पॉल व्हाइटमन हे दुसरे गोरे गृहस्थ. १९३० मध्ये त्यांच्यावर रंगीत बोलपट निघाला, नाव ‘किंग ऑफ जॅझ’! डब्ल्यू. सी. हँडी हे काळे, सज्जन आणि व्यवहारचतुर संगीतकार. त्यांच्या १९४१ च्या आत्मचरित्राचे नाव ‘फादर ऑफ द ब्लूज’. ब्लूज हे लोकांचे गाणे, त्याला बाप कसला? पण हँडींची स्वतःची प्रकाशनसंस्था होती, व्हाइटमनपाशी सिनेमा कंपनी होती, डिक्सिलँडवाल्यांपाशी कातडीचा रंग होता. त्यांनी सांगितले ते लोकांनी पदवी म्हणून मान्य केले. मॉर्टनपाशी यातले काहीच नव्हते, म्हणून त्याचा तेवढा विनोद झाला.

आणि आपण मराठी माणसांनी तरी स्वतःचे नाव सांगणाऱ्याला हसावे? आपला अभंग ‘तुका म्हणे’ आल्याशिवाय पुरा होत नाही. अठराव्या शतकात दिल्लीच्या मुहम्मदशहाच्या दरबारात नियामत खाँ यांनी ख्याल बांधले आणि त्यांत ‘सदारंग’ हे आपले नाव गुंफून ठेवले; आज अडीचशेहून अधिक वर्षे झाली, गवयी ते नाव आदराने उच्चारतात. त्याला आपण मुद्रा म्हणतो. मॉर्टनची १९१५ मध्ये शिकागोत छापून निघालेली रचना ‘जेली रोल ब्लूज’; जॅझ कागदावर उतरून छापला गेला त्याच्या अगदी पहिल्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्यात त्याचे नाव. पुढच्या एका रचनेत तर त्याने स्वतःला ‘मिस्टर जेली लॉर्ड’ करून टाकले. हीसुद्धा मुद्राच. छापखाना, प्रकाशक आणि वाद्यवृंदाचा मालक ज्याचे नाव पुसायला टपलेले असतात, त्याने नाव मथळ्यातच ठेवावे, यात मला अहंकारापेक्षा शहाणपण अधिक दिसते.

आता ‘न शिकलेले लोक’ या आरोपाकडे वळतो.

मॉर्टन हा न्यू ऑर्लीन्सचा क्रिओल. हे लोक फ्रेंच-स्पॅनिश आणि आफ्रिकी रक्ताच्या मिश्रणातून आलेले, धर्माने कॅथलिक, घरात फ्रेंच बोलणारे. त्यांच्यात गवंडी होते, सिगार वळणारे होते आणि पिढीजात संगीतशिक्षकही होते. मुलाला वाद्य हाती देण्याआधी सारेगम वाचायला लावणारे हे लोक. गावात फ्रेंच ऑपेरा हाउस होते, तिथले व्हेर्दीचे संगीत या मुलांच्या कानांवर पडत होते. दुसरीकडे गावाच्या वरच्या अंगाला इंग्रजी बोलणारे, गुलामगिरीतून नुकतेच सुटलेल्यांचे वंशज असलेले काळे लोक राहात. त्यांचे ब्लूज, त्यांची चर्चमधली गाणी कागदावर कुठेच नव्हती. क्रिओल स्वतःला त्यांच्याहून वरचे समजत. मग १८९० मध्ये लुइझियाना राज्याने आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा कायदा केला. होमर प्लेसी नावाचा तिथलाच एक क्रिओल चांभार १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम जाऊन बसला. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९६ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. क्रिओल असो की आणखी कुणी, कायद्याच्या लेखी सगळे काळे. १९२१ मध्ये त्या राज्याच्या नव्या घटनेने शाळांत शिकवण्याची भाषा म्हणून फक्त इंग्रजी ठेवली, आणि घरातली फ्रेंच पोरांच्या तोंडून ओसरू लागली.

बेळगाव, बिदर, निपाणी, कारवारकडच्या वाचकाला याहून अधिक काही समजावून सांगायला नको. सावत्र वडिलांचे आडनाव मूटाँ. पोराने त्याचे इंग्रजी वळणाचे ‘मॉर्टन’ करून घेतले, कारण लोकांनी ‘फ्रेंचवाला’ म्हणून चिडवलेले त्याला नको होते. आणि त्याच तोंडाने तो आपण अस्सल फ्रान्सचे असे सांगत फिरे! ही विसंगती वाचून मला हसू येत नाही, कारण आमच्या गल्लीतच ‘आमचे मूळ घराणे थेट पुण्याचे’ म्हणणारी आणि रागावल्यावर नेमकी कन्नडात बोलणारी चार तरी घरे आहेत. त्यांतले एक माझे. सीमेवरच्या माणसाला आपण मिश्र आहोत याची लाज वाटायला लावली जाते. मग तो कुठल्या तरी एका बाजूचे शुद्ध रक्त उसने आणतो आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला कमी लेखतो. मॉर्टनने हे केले. ते वाईटच केले. पण त्याच्या तोंडापेक्षा त्याचा कान प्रामाणिक होता. तोंडाने ज्यांना नाकारले त्यांचे ब्लूज त्याच्या उजव्या हातात होते, आणि डाव्या हातात क्यूबाकडून आलेल्या हबनेराचा ठेका. या स्पॅनिश छटेशिवाय जॅझला खरी चव येत नाही, असे त्याचे म्हणणे. ‘न्यू ऑर्लीन्स ब्लूज’ किंवा ‘द क्रेव्ह’ ऐका. दोन्ही हात दोन मोहल्ल्यांचे, आणि एकमेकांशी भांडत नाहीत.

किशोरवयातच तो स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीत पियानो वाजवू लागला. घरी सांगत असे की पिपे बनवणाऱ्या कारखान्यात रात्रीची राखण करतो. घरच्या म्हातारीला खरे कळले तेव्हा तिने त्याला बाहेर काढले. पुढची वर्षे भटकंतीची: दक्षिणेतली गावे, शिकागो, कॅलिफोर्निया. १९२३ मध्ये तो शिकागोला परत आला, आणि त्याच साली ‘न्यू ऑर्लीन्स ऱ्हिदम किंग्ज’ या गोऱ्या वादकांच्या बँडबरोबर ध्वनिमुद्रणाला बसला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून केलेल्या सुरुवातीच्या मोजक्या मुद्रणांपैकी ते एक. मेलरोझ बंधू नावाचे प्रकाशक त्याच्या रचना छापू लागले. इथवरचे थोडक्यात सांगितले, कारण मला पोचायचे आहे ते सप्टेंबर १९२६ पर्यंत.

त्या महिन्यात व्हिक्टर कंपनीसाठी शिकागोत मॉर्टनने ‘रेड हॉट पेपर्स’ नावाखाली सात वादक बसवले. जॉर्ज मिचेलचा कॉर्नेट, ओमर सिमियनची क्लॅरिनेट, किड ओरीचा ट्रोम्बोन, जॉनी सेंट सिरचा बँजो, जॉन लिंडसेचा बास, अँड्र्यू हिलेरचे ड्रम, आणि पियानोवर स्वतः. १५ सप्टेंबरला ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ मुद्रित झाली. तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटे आणि वर काही सेकंद. आपल्याकडे बुवांचा तंबोरा जुळायला याहून वेळ लागतो.

त्या तीन मिनिटांत काय काय आहे? आधी छोटी प्रस्तावना. मग पहिली चाल. मग स्वरस्थान बदलून दुसरी चाल, आणि ती शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा येते, पण एकदाही त्याच कपड्यांत येत नाही. एकदा ती क्लॅरिनेट घेऊन जाते. एकदा सगळा वृंद थांबतो आणि पियानो एकटाच तिला उचलतो. मग कॉर्नेट येतो, पण साथ सलग नाही. साथीदार ठरलेल्या मात्रांवर ठोका देऊन गप्प होतात आणि मधल्या पोकळीत कॉर्नेट उड्या मारतो. मग बँजो. मग सगळे मिळून, आणि ड्रमचा ठोका असा जड होतो की घर हलावे. बास कधी चार मात्रांत दोनदाच पाऊल टाकतो, कधी चारही मात्रांवर, आणि ऐकणाऱ्याला वाटते की लय वाढली. लय तिथल्या तिथेच असते. अधूनमधून सगळा वृंद आठ मात्रा एकदम सोडून देतो आणि एकटा वादक ती मोकळी जागा भरून बरोबर समेवर सगळ्यांच्या हाती देतो. याला ‘ब्रेक’ म्हणतात. ब्रेक नसेल तर जॅझ नाही, असे मॉर्टन म्हणे. आपल्या तिहाईवर मान हलवणाऱ्या माणसाला ही गंमत परकी वाटू नये.

सात माणसे मनाला येईल ते वाजवू लागली तर हे घडते काय? घडत नाही. कुणी कधी बोलायचे, कुणी कधी गप्प बसायचे, कुठल्या वेळी कुठले वाद्य वर येणार, हे आधी ठरलेले आहे. त्यासाठी तालमी झाल्या, आणि वादकांना तालमींचेही पैसे मिळाले. त्या धंद्यात ही नवलाईच होती. वादकांच्या आठवणींतून कळते ते असे की सामूहिक भाग मॉर्टन पियानोवर वाजवून दाखवी, पुन्हा पुन्हा करून घेई. एकल वादनाची जागा मात्र वादकाच्या मर्जीवर सोडी. म्हणजे बंदिश बांधलेली आणि उपज मोकळी. हे आपल्याला माहीत नाही असे कसे म्हणता? आठवड्याभरात ‘डेड मॅन ब्लूज’ झाली. तिच्यात प्रेतयात्रेची संथ चाल आहे, आणि एके ठिकाणी तीन क्लॅरिनेट एका घासात बोलतात. तेवढ्याशा जागेसाठी त्याने दोन जादा वादक बोलावले होते. गुंथर शुलर या अमेरिकन संगीतकार-अभ्यासकाने १९६८ च्या आपल्या ग्रंथात मॉर्टनला जॅझचा पहिला मोठा रचनाकार म्हटले आहे. रचनाकार, बढाईखोर नव्हे.

आता पैशांचे बोलू, कारण ही केवळ मानापमानाची गोष्ट नाही.

‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही मॉर्टनची जुनी रचना. १९२३ मध्ये त्याने ती एकट्याने पियानोवर मुद्रित केली. फ्लेचर हेंडरसन या काळ्या बँडप्रमुखाने ती मोठ्या वृंदासाठी मांडली. हेंडरसनची हीच मांडणी बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाने १ जुलै १९३५ रोजी मुद्रित केली, आणि त्याच उन्हाळ्यात लॉस एंजलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात तरुणांनी गुडमनला डोक्यावर घेतले. ‘स्विंग’ युगाची सुरुवात तिथून मोजतात. गुडमन ‘किंग ऑफ स्विंग’ झाला (आणखी एक राजा!). ज्याने चाल बांधली तो मॉर्टन त्या सुमारास न्यू यॉर्कमधून उखडला जात होता. व्हिक्टर कंपनीने १९३० नंतर त्याच्याशी करार वाढवला नव्हता. नभोवाणीवर आणि नृत्यगृहांत रचना वाजली की रचनाकाराला पैसे मिळवून देणारी ‘ॲस्कॅप’ ही संस्था १९१४ पासून चालू होती. मॉर्टनला तिचे सभासदत्व मिळाले १९३९ मध्ये. त्याच्या काही रचनांच्या छापील प्रतींवर प्रकाशक वॉल्टर मेलरोझ यांचे नाव शब्दकार म्हणून आले आहे. नाव आले की वाटा आला. मॉर्टन पत्रांमागून पत्रे लिहीत राहिला, प्रकाशकांना, संस्थेला, थेट सरकारला. लोकांनी त्याचे नाव तक्रारखोर ठेवले.

१९३८ मध्ये तो वॉशिंग्टनला एका माडीवरच्या लहानशा बारमध्ये पियानो वाजवून गुजराण करत होता. मार्चमध्ये रिप्ले यांच्या ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ या लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रमात हँडी यांची ओळख जॅझ आणि ब्लूजचे जनक अशी करून दिली गेली. ज्या किस्स्यावर आपण हसतो तो जन्मला इथे. मॉर्टनने संतापून लांबलचक पत्र लिहिले, ते ‘डाउन बीट’ मासिकाने छापले, आणि १९०२ चा दावा जगजाहीर झाला. दावा खोटा, पण ते सुखवस्तू माणसाचे फुशारकीचे भाषण नव्हते. ती दिवाळे निघालेल्या कारागिराची थकबाकीची नोटीस होती. आकडा त्याने फुगवून लिहिला. थकबाकी खरी होती.

त्याच वर्षी २३ मे रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कूलिज सभागृहात, जिथे एरवी चेंबर म्युझिकच्या मैफिली होत, ॲलन लोमॅक्स नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुण संग्राहकाने त्याला पियानोवर बसवले आणि मुद्रणयंत्र चालू केले. मॉर्टन हळुवार सूर धरून बोलू लागला आणि बोलतच राहिला. सगळे मिळून आठ तासांहून अधिक मुद्रण झाले. त्याने व्हेर्दीचे ‘मिझरेरे’ आधी ऑपेरात असते तसे वाजवले आणि मग न्यू ऑर्लीन्सच्या अंगाने. स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ आधी मिझुरीच्या पद्धतीने, मग आपल्या. बोल्डन कसा वाजवी, कुठला पियानोवादक कुठल्या गल्लीत काय वाजवी, प्रेतयात्रेला बँड कसा जाई आणि परतताना कसा बदले, सगळे नावानिशी. स्वतःशिवाय इतरांचे श्रेय न देणारा माणूस असे करतो काय? जे वादक मुद्रित न होता मेले, त्यांच्यातल्या कित्येकांचा सूर आज आपल्याला माहीत आहे तो या बढाईखोराच्या बोटांतून. लोमॅक्सने त्यावरून १९५० मध्ये पुस्तक काढले; संपूर्ण मुद्रणे, त्यांतल्या चावट कवनांसकट, बाजारात यायला मात्र २००५ उजाडले.

तरी त्याची प्रतिमा काय राहिली? १९९२ मध्ये ब्रॉडवेवर त्याच्यावर ‘जेलीज लास्ट जॅम’ हे संगीत नाटक आले. त्यात आपले काळेपण नाकारल्याबद्दल मेल्यावर त्याचा झाडा घेतला जातो. १९९८ च्या ‘द लेजंड ऑफ १९००’ या चित्रपटात तो एका काल्पनिक पियानोवादकाला आव्हान द्यायला येणारा उर्मट खलनायक आहे, आणि हरतो. कल्पित पात्राला मोठे करायला खरा माणूस लहान केला.

हे सगळे दूरच्या देशातले, असे म्हणून अंक मिटू नका. टेडी वेदरफर्ड हा काळा पियानोवादक न्यू ऑर्लीन्समध्ये शिकला, विसाच्या दशकात शिकागोत गाजला, पुढे शांघायवरून आपल्या मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात बँड चालवू लागला. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. ताजमधल्या या बँडवाल्यांच्या सहवासात जॅझ शिकलेले अनेक वादक गोव्याचे होते. तेही कॅथलिक, तेही लॅटिन वळणाच्या राजवटीत वाढलेले, तेही चर्चच्या शाळेत मेस्त्रकडून वाद्याआधी स्वरलेखन शिकलेले, आणि तेही दोन-तीन भाषांच्या उंबऱ्यावरचे. मुंबईच्या बोलपटांना हीच माणसे सापडली. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवी. पन्नास वाद्यांपैकी कुणी कुठे काय वाजवायचे हे रात्री जागून कागदावर उतरवणारा असे गोव्याचा अरेंजर. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी हे काम वर्षानुवर्षे केले. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट यांचा बँड प्रत्यक्ष पडद्यावर आहे. पण श्रेयनामावलीत या लोकांची नावे शोधून पाहा. बहुतेक वेळा नाहीतच, असली तर ‘सहायक’ म्हणून.

आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस! प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारा हा माणूस. १९५८ मध्ये मुंबईत त्याने रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या सिंफनी वृंदाकडून वाजवून घेतल्या, आणि त्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे साठच्या दशकात तो अमेरिकेला गेला. गोव्याला परतून राहिला आणि २०१२ मध्ये वारला. देशाला त्याचे नाव कसे ठाऊक आहे? १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अंड्यातून बाहेर पडून नाचणाऱ्या नायकाच्या तोंडून. शिष्याने ते नाव प्रेमाने गाण्यात घातले होते, हे खरे. पण आपण पुन्हा हसलो, आणि हसून झाल्यावर हा खरा कोण, हे विचारायला बहुतेकांना तीस वर्षे लागली.

म्हणून माझे त्या ज्येष्ठ गृहस्थांशी भांडण आहे. ‘लिहिणे म्हणजे संगीत नव्हे’ हे वाक्य आपल्या बैठकीत शोभून दिसते, पण व्यवहारात ते लिहिणाऱ्याचे पैसे बुडवण्याच्या कामी येते. आपल्या गावात नाट्यगीतांचे, भावगीतांचे कार्यक्रम होतात. निवेदकाचे नाव, दिव्यांचे नाव, पुष्पगुच्छ देणाऱ्यांचे नाव छापील पत्रिकेवर असते. आठ वाद्यांचा मेळ ज्याने रात्री जागून बसवला त्याचे नसते. विचारले तर उत्तर येते, ‘तो काय, नोटेशन लिहून देतो.’ हे उत्तर मी स्वतः दिलेले आहे, एका कार्यक्रमाचा चिटणीस असताना. तो मुलगा पुढच्या वर्षी आला नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

मॉर्टन १९४० च्या अखेरीस आजारी छातीने मोटार हाकत कॅलिफोर्नियाला गेला. आपली दुसरी मोटार त्याने साखळीने मागे जोडून घेतली होती. १० जुलै १९४१ रोजी लॉस एंजलिसमध्ये वारला, पन्नासाव्या वर्षी. त्याच दिवशी त्याच शहरात ड्यूक एलिंग्टनचा ‘जंप फॉर जॉय’ हा नवा संगीतप्रयोग सुरू होत होता. मॉर्टनच्या थडग्यावर नावाचा दगड बसला १९५० मध्ये, आणि तोही जॅझच्या काही चाहत्यांनी मिळून बसवला. मथळ्यात मुद्रा ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्याशी नऊ वर्षे नाव नव्हते.

काका, हे तुमच्यासाठी लिहिले आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. पाडव्याला फराळाला या. ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ची कॅसेट काढून ठेवली आहे. तीन मिनिटांचेच काम आहे, पण कुठले वाद्य कुठे थांबते ते मोजायला मी तुम्हालाच बसवणार आहे.